हिवाळ्यात लोख अन् एलनची फेरी : वाट, पाखरं आणि पाण्यातला घोडा

तळं गोठायला लागलं की आवाज करतं. काठावर दोन मिनिटं न बोलता उभं राहायचं. आधी काहीच ऐकू येत नाही. मग कुठूनतरी लांबून, ताणलेल्या तारेवर खडा मारावा तसा आवाज येतो आणि पाण्याच्या कडेकडेने धावत जातो. पुन्हा शांतता. बर्फाचा थर आकसतो, पसरतो, त्याला चिरा पडतात, त्याचा हा आवाज. मी तो पहिल्यांदा ऐकला तो स्कॉटलंडमधल्या लोख अन् एलनच्या काठावर, जानेवारीतल्या एका सकाळी. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तिथे एकदा तरी जातेच. भारतातून कुणी नाताळच्या सुट्टीत आलं तर त्यांनाही घेऊन जाते. आई पहिल्यांदा आली तेव्हा सत्तरीची होती. तिने लहान फेरी काठी टेकत, आरामात पूर्ण केली. तुम्हालाही जमेल. फक्त तयारी नीट हवी आणि घाई अजिबात नको.

'लोख' म्हणजे तळं. त्यातला 'ख' आपल्या खटाऱ्यातला नाही, उर्दू 'खबर'मधला, घशातून खरवडत येणारा. 'अन् एलन' म्हणजे 'बेटाचं'. गेलिक भाषेतलं हे साधं नाव, बेटाचं तळं. बेट अगदी छोटं आहे आणि त्यावर एक पडका किल्ला आहे. एव्हीमोर गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, रॉथिमर्कसच्या पाइनच्या जंगलात हे तळं आहे. हा सगळा भाग केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यान २००३ साली झालं आणि क्षेत्रफळाने ते ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं आहे.

कधी निघायचं

सगळं नियोजन सूर्यावर बांधा. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि साडेतीनच्या सुमाराला मावळतो. दिवस जेमतेम पावणेसात तासांचा. त्यातही ढग असले तर अडीच वाजताच झाडांखाली अंधारून येतं. नुसत्या तळ्याभोवतीची फेरी सुमारे पाच किलोमीटरची आहे. दक्षिण टोकाला असलेलं लोख गाउना हे धाकटं तळंही घेतलं तर सात किलोमीटरच्या थोडं वर. उन्हाळ्यात मोठी फेरी दोन-अडीच तासांत होते. हिवाळ्यात साडेतीन ते चार तास धरा, कारण निसरड्या वाटेवर पावलं आखूड पडतात आणि पाखरं दिसली की थांबणं होतंच.

मी पहिल्या वर्षी ही चूक केली होती. दुपारी दीड वाजता निघालो, सोबत नऊ वर्षांची मुलगी. धाकट्या तळ्यापाशी पोचेपर्यंत तीन वाजले. फोन काढला तर थंडीने बॅटरी मेलेली, आणि विजेरी घरी. उरलेली वाट एकमेकींचा हात धरून, झाडांच्या मधे दिसणाऱ्या आकाशाच्या पट्टीकडे बघत चाललो. वाट सरळ होती म्हणून निभावलं, पण त्या तासाभरात मुलगी एक शब्द बोलली नाही, ते मला अजून आठवतं. म्हणून सांगते, दहाला चालायला सुरुवात करा, दोनपर्यंत गाडीपाशी या. कपाळाला बांधायची विजेरी सकाळी दहाला निघालात तरी पिशवीत असू द्या.

महिना म्हणाल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कधीही. फेब्रुवारीत उजेड जास्त मिळतो आणि बदकांचे विणीपूर्वीचे खेळ सुरू झालेले असतात. आणखी एक मोठी सोय म्हणजे मिज नावाची चावरी चिलटं. उन्हाळ्यात ती हायलंड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागात, माणसाला उभं राहू देत नाहीत, हिवाळ्यात एकही नसते.

आदल्या रात्री हवामान बघा. तळ्याकाठची वाट सपाट आहे, त्यामुळे थोड्या हिमवर्षावाने बिघडत नाही. मात्र वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर बेत रद्द करा. जुन्या पाइनच्या जाड फांद्या वाऱ्याने मोडून वाटेवर पडतात.

अंगावर काय, पाठीवर काय

तापमान शून्याच्या आसपास असतं, सकाळी उणे पाच-सहाही असू शकतं. याच डोंगरांच्या पलीकडच्या ब्रेमार गावात १८९५ आणि १९८२ साली उणे २७.२ अंश नोंदले गेले होते. रोजची गत तशी नसते, पण तुम्ही कुठे चालला आहात ते त्यावरून समजावं.

एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. आतला थर लोकरीचा किंवा घाम शोषून न धरणारा, मधला फ्लीसचा, वरचा वारा-पाऊस अडवणारा. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड एकदा ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आपल्या लोकांना हे पटवताना मला दरवेळी कष्ट पडतात, कारण जन्मभर सुती कपडा म्हणजे चांगला कपडा हेच आपण ऐकलेलं असतं. कानटोपी हवीच. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक नक्की भिजतो.

बूट घोट्यापर्यंतचे, खाचदार तळव्याचे. आणि त्यावर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे, ज्यांना मायक्रोस्पाइक म्हणतात. एवढ्या एका वस्तूवर मात्र पैसे खर्च कराच. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, त्यावर पाय घसरत नाही. घसरतो तो चारशे माणसांनी तुडवून, दिवसा वितळून, रात्री पुन्हा गोठलेल्या वाटेवर. ती काचेसारखी होते आणि वरून पाइनच्या काड्या पडलेल्या असल्यामुळे दिसतही नाही.

पिशवीत थर्मास भरून आल्याचा चहा, तिळाचे लाडू किंवा चिक्की, आणि दशम्या. दशमी थंडीत कडक होत नाही, हातमोजे घालून खाता येते, पोटाला आधार देते. सँडविचपेक्षा ती कितीतरी बरी. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. वाटेचा कागदी नकाशा घ्या. संकटात ९९९ किंवा ११२ लावून आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवं असं सांगायचं. जंगलात रेंज जाते-येते. ९९९ ला मेसेजही करता येतो, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करावी लागते. घरीच 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवा आणि उत्तरात सांगतील तसं करा.

एव्हीमोरपर्यंत एडिंबरा किंवा ग्लासगोहून थेट आगगाडी आहे, साधारण तीन तास लागतात. इन्व्हर्नेसहून पाऊण तासाच्या आत पोचता. स्टेशनवरून टॅक्सी करा. स्वतःची गाडी असेल तर इन्व्हरड्रुईवरून बी ९७० रस्त्याने येऊन तळ्याच्या फाट्याला वळायचं. गाडी लावायचे पैसे पडतात. माहिती केंद्र तळ्याच्या टोकालाच आहे, पण हिवाळ्यात ते उघडं असेल असं धरून चालू नका.

पहिला टप्पा : किल्ल्यापर्यंत

वाहनतळावरून पाच मिनिटांत तळ्याच्या उत्तर टोकाला येता. इथे उजवीकडे वळा, म्हणजे पाणी तुमच्या डाव्या हाताला राहील. देवाला उजवं घालणाऱ्या आपल्याला ही उलटी प्रदक्षिणा वाटेल. पण हिवाळ्यात हीच बरोबर, कारण सूर्य दिवसभर दक्षिणेला, क्षितिजाला चिकटून चालतो. सकाळी ऊन पश्चिम काठावर पडतं आणि दुपारी पूर्व काठावर. या दिशेने गेलात तर दोन्ही वेळा उन्हात असाल. उलट दिशेने गेलात तर दोन्ही वेळा सावलीत.

निघण्याआधी या टोकालाच दगडी चुनाभट्टी बघून घ्या. शेजारच्या ऑर्ड बान टेकडीत चुनखडी सापडते, ती इथे भाजत असत. पाण्याची पातळीही माणसाने बदललेली आहे. अठराव्या शतकात इथल्या पाइनचे ओंडके स्पे नदीतून थेट समुद्रापर्यंत वाहवून नेत. ओंडके पुढे ढकलायला एकदम पाण्याचा लोंढा लागे, म्हणून तळ्याच्या तोंडाशी बांध घालून पाणी तुंबवायचे आणि मग सोडायचे. त्यामुळे पातळी वाढली आणि बेटाचा बराचसा भाग पाण्याखाली गेला. आज किल्ला थेट पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो तो यामुळे. काठापासून किल्ल्यापर्यंत पाण्याखालून एक नागमोडी वाट होती आणि तिची वळणं फक्त घरच्यांनाच ठाऊक असत, असंही इथले लोक सांगतात.

पश्चिम काठाने दहा-पंधरा मिनिटं चाललं की किल्ला अगदी समोर येतो, हाक मारावी इतक्या जवळ. पूर्वी लोक खरोखरच हाक मारत. किल्ल्याच्या भिंतीवरून ती तीनदा परत येते अशी या जागेची ख्याती होती. मी मात्र ओरडू नका असंच सांगेन, बदकं उठतात. एकदा टाळी वाजवा, तेवढं पुरे.

परंपरा हा किल्ला 'बॅडनॉखचा लांडगा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अलेक्झांडर स्टुअर्टशी जोडते. हा राजा दुसऱ्या रॉबर्टचा मुलगा. बायकोला टाकल्यावरून मोरे परगण्याच्या बिशपशी त्याचं वैर झालं, बिशपने त्याला धर्मबहिष्कृत केलं, आणि त्याने १३९० साली फौज घेऊन एल्गिनचं कॅथीड्रल जाळून टाकलं. इथपर्यंत इतिहास. पुढची गोष्ट लोकांची. रिव्हनच्या त्याच्या किल्ल्यावर एका रात्री काळ्या कपड्यांतला एक उंच पाहुणा आला आणि म्हणाला, बुद्धिबळाचा डाव मांड. डाव रात्रभर चालला. पाहुण्याने शेवटी मोहरा सरकवून 'शह आणि मात' म्हटलं आणि गारा-विजांचा कल्लोळ उठला. सकाळी लांडगा मेलेला सापडला, अंगावर एक जखम नाही, पण बुटांचे सगळे खिळे उपटलेले. मुलांना ही गोष्ट किल्ल्यासमोर उभं राहून सांगा, आणि शेवटी त्यांच्या बुटांवरचे खिळे तपासायला लावा. तपासणी तशीही दर अर्ध्या तासाने करायचीच असते, पट्टे सैल होतात.

मला स्वतःला या किल्ल्याची दुसरी गोष्ट जास्त प्रिय आहे. १६९० साली क्रॉमडेलला जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या पाठीराख्यांचा, पराभव झाला आणि पळणाऱ्यांची एक तुकडी या किल्ल्यावर चालून आली. आत ग्रँट घराण्यातली ग्रिझेल मोर होती. गेलिकमध्ये 'मोर' म्हणजे मोठी, थोर. वेढा चालू असताना ती आत शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतत होती असं सांगतात. किल्ला पडला नाही. ज्या माणसाने बहुधा इथे फार काळ मुक्कामही केला नसेल त्याच्या नावाने हा किल्ला ओळखला जातो, आणि जिने तो राखला तिचं नाव किती जणांच्या ओठावर असतं?

किल्ल्यावर अजून एका कुटुंबाचं घर होतं, ऑस्प्रेचं. मासे पकडणारा हा मोठा शिकारी पक्षी दर वसंतात पश्चिम आफ्रिकेतून येऊन इथल्या भिंतीवर काटक्यांचं घरटं बांधायचा. एकोणिसाव्या शतकात अंडी जमवण्याचा छंद बोकाळला. भर थंडीत पोहत किल्ल्यावर जाऊन अंडी पळवणारे लोक होते. १८९९ नंतर ऑस्प्रेने इथे वीण घातली नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला ते स्कॉटलंडला परतले आणि १९५९ मध्ये जवळच्याच लोख गार्टनला, आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेच्या रात्रंदिवस पहाऱ्यात, पिल्लं मोठी होऊन उडाली. तुम्ही हिवाळ्यात याल तेव्हा ऑस्प्रे इथे नसणार. पण उजनी किंवा जायकवाडीला हिवाळ्यात पाण्यावर सूर मारताना तो तुम्ही बघितला असेल, तर त्याच जातीच्या पक्ष्याचं हे एक जुनं, रिकामं घर.

बर्फावर पाऊल नको

आता सगळ्यात महत्त्वाचं. तळं काठापासून काठापर्यंत गोठलेलं असेल, त्यावर कुणाच्या पावलांचे ठसे असतील, मुलं हट्ट करतील. तरीही एकही पाऊल नाही. काठाशी चार बोटं जाड वाटणारा बर्फ दहा पावलांवर, जिथे ओहोळ येऊन मिळतो किंवा तळातून पाणी वर येतं, तिथे पापडासारखा असतो. तळ्याकाठी एका ब्रिटिश मेजर जनरलचं स्मारक आहे. ब्रूक राइस त्यांचं नाव, १८८२ च्या डिसेंबरात स्केटिंग करताना ते इथे बुडाले. लष्करात आयुष्य काढलेला माणूस, नाताळाच्या दिवसांत. त्या दगडापाशी आले की मी नेहमी थोडी थांबते.

हायलंड्समधल्या आयाबायांनी हीच ताकीद वेगळ्या तऱ्हेने दिलेली आहे. त्यांच्या तळ्यांत एक घोडा राहतो. गेलिकमध्ये त्याला 'एख-ऊश्का' म्हणतात, पाण्याचा घोडा. वाहत्या पाण्यातला त्याचा भाऊ केल्पी. इथून थोड्याच अंतरावर लोख पिट्युलिश आहे, तिथली गोष्ट अशी. किनकार्डिनच्या जहागीरदाराचा मुलगा आणि त्याचे सवंगडी काठावर खेळत होते. तिथे एक देखणा काळा घोडा चरताना दिसला, पाठीवर चांदीचा साज, लगामाला रत्नं. मुलांनी लगाम धरला आणि हात चिकटले. घोडा पाण्याकडे धावत सुटला. एकट्या जहागीरदाराच्या मुलाला सुचलं, त्याने दुसऱ्या हाताने सुरी काढून आपली बोटं छाटली आणि तो वाचला. बाकीचे परत आले नाहीत.

सांगलीकडे कृष्णेच्या डोहापाशी आम्हालाही असंच सांगत. तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नका, साती आसरा ओढून नेतात. आजी डोहाच्या काठावर त्यांच्या नावाने हळदकुंकू आणि हिरवा खण ठेवायची. जवळपास पाच हजार मैलांवर तळ्याकाठी उभी राहून मी ही घोड्याची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आजीचा आवाज ऐकू आला. जिथे पाणी एकदम खोल होतं, जिथे चमकणारं काहीतरी मुलाला पुढे ओढतं, तिथेच ही गोष्ट उभी केलेली असते. आई म्हणाली, 'म्हणजे इथेही बायांना पोरांचीच काळजी.' म्हणून ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, आणि बर्फ समोर दिसत असताना सांगा.

तरीही कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग आत जाऊ नका. आधी ९९९ लावा. मग काठावर आडवं पडून फांदी, ओढणी, पट्टा, जे हाताशी असेल ते पुढे टाका. असे अपघात पुष्कळदा बर्फावर गेलेल्या कुत्र्याला वाचवायला धावल्याने होतात, तेव्हा कुत्रं सोबत असेल तर दोरी सोडू नका.

दुसरा टप्पा : लोख गाउना

दक्षिण टोकाला वाट फुटते. थकला असाल, बर्फ जास्त असेल, घड्याळात बारा वाजून गेले असतील किंवा सोबत वयस्कर माणसं असतील, तर इथे डावीकडे, मोठ्या तळ्याच्या काठानेच पुढे जा. नाहीतर उजवीकडे धाकट्या तळ्याला वळसा घाला. ही वाट अरुंद आहे, मुळं वर आलेली, मधे मधे दलदल. कडक थंडीत दलदल गोठून चालणं उलट सोपं होतं. अर्धवट वितळलेली असेल तर मात्र बूट घोट्यापर्यंत रुततो. काठीने आधी ठोकून बघा.

गाउना म्हणजे वर्षाची वासरं, गोऱ्हे आणि कालवडी. या नावामागे चोरीचा धंदा आहे. लोखाबरकडचे लुटारू मोरेच्या सुपीक सपाटीवरची गुरं पळवून याच बाजूने, मुख्य रस्ते टाळून, डोंगराच्या कुशीने हाकत नेत. त्या वाटेला अजूनही 'चोरांची वाट' असंच नाव आहे. शरदातल्या लांब रात्री आणि चांदणं हा त्यांचा हंगाम. गुरांना पाणी पाजायला याहून आडोशाची जागा सापडणार नाही, हे तिथे उभं राहिलं की आपोआप पटतं. तीन बाजूंनी उतार, वारा नाही, आवाज नाही. चहा प्यायला हीच जागा निवडा.

खाताना एक पथ्य. टिट नावाची चिमुकली पाखरं माणसाच्या अगदी जवळ येतात आणि काहीतरी टाकावंसं वाटतं. फरसाण, शेव, चिवडा यातलं काही टाकू नका, मीठ त्यांच्या जिवाला घातक असतं. चिक्कीतला शेंगदाण्याचा तुकडाही नको.

तिसरा टप्पा : पूर्व काठ, आणि डोळे उघडे

दोन तळ्यांच्या मधला ओहोळ ओलांडून पूर्व काठाला लागलात की वाट रुंद होते. दुपारचं ऊन तिरपं येऊन पाइनच्या खोडांवर पडतं आणि वरची साल तांब्याच्या घंगाळासारखी दिसते. कॅलेडोनियन पाइनचं हे मूळचं जंगल. हिमयुग संपल्यावर उगवलेल्या जंगलाची ही वंशावळ. दोन्ही महायुद्धांत इथे मोठी तोड झाली, तरी काही झाडं कित्येक शतकांची आहेत. त्यांच्या फांद्यांवरून राखाडी-हिरव्या दाढ्या लोंबतात. जवळ जाऊन बघा, वास घ्या. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल याच कुळातलं, शैवाल आणि बुरशी यांनी मिळून थाटलेला संसार. स्वच्छ हवेशिवाय या दाढ्या वाढत नाहीत. तोडून आणू नका, बोटभर वाढायला वर्षं लागतात.

पाखरं आणि जनावरं शोधण्याची माझी रीत सोपी आहे. दोनशे पावलं चालायचं, मग तीन मिनिटं थांबायचं. थांबलं की आधी कानाने बघायचं.

वरून भुरभुर सालीचे, खवल्यांचे तुकडे पडत असतील तर वर लाल खार आहे. हिवाळ्यात तिच्या कानांवर लांब केसांचे झुबके येतात. ती झोपी जात नाही, वर्षभर जागी असते. तिने खाल्लेलं पाइनचं बोंड उचलून बघा, दाणे खाऊन टाकलेल्या मक्याच्या कणसासारखं बुरकंड उरतं आणि टोकाला थोडा झुपका. बोंडाचे खवले मात्र जागेवरच, पण उभे चिरलेले दिसले, तर ते क्रॉसबिलचं काम. या पक्ष्याच्या चोचीची टोकं कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांवरून जातात. त्याची स्कॉटिश क्रॉसबिल ही जात जगात दुसरीकडे कुठेही नाही.

क्रेस्टेड टिट ऐकायचा असतो. चिमणीहून लहान, डोक्यावर काळापांढरा टोकदार तुरा, आणि गुळगुळीत भिंगरी फिरावी तशी 'पुर्रुर्रुर्र' अशी साद. ब्रिटनमध्ये तो हायलंड्सच्या याच पाइनांत आहे. हिवाळ्यात तो कोल टिट, ट्रीक्रीपर यांच्या मिश्र थव्यात हिंडतो. एक दिसला की हलू नका, पाठोपाठ वीस येतात आणि दोन मिनिटांत पूर्ण झाड झाडून पुढे जातात.

पाण्याकडेही लक्ष असू द्या. गोठलेलं नसेल तिथे गोल्डनआय बदकं असतात. नराच्या गालावर पांढरा ठिपका, उडताना पंखांची शीळ वाजते. फेब्रुवारीत नर डोकं मागे पाठीला लागेपर्यंत फेकतो आणि पाय झाडून पाणी उडवतो. ही बदकं पूर्वी फक्त हिवाळी पाहुणी होती. १९७० साली स्कॉटलंडमध्ये त्यांची पहिली वीण सापडली, मग झाडांवर लाकडी पेट्या टांगल्या आणि ती इथलीच झाली. कधी आइसलंडहून आलेले हूपर हंस उतरतात, चोच पिवळी, मान सरळसोट. ओहोळाच्या तोंडाशी, दगडावर गुडघे मोडून नमस्कार करत असल्यासारखा हलणारा गुबगुबीत तपकिरी पक्षी, छाती पांढरीशुभ्र, तो डिपर. तो पाण्यात चालत जातो, तळाशी किडे वेचतो, आणि उणे तापमानातही वर येऊन दगडावर बसून गातो. एवढ्या थंडीत गाणारा तो बघितला की माझा दिवस सार्थकी लागतो.

एक पक्षी असा आहे की तो दिसला नाही तरच बरं. कॅपरकेली हा टर्कीएवढा रानकोंबडा. त्याचं गेलिक नाव 'रानातला घोडा' या अर्थाचं आहे. पाण्यात एक घोडा, रानात एक. अठराव्या शतकात तो स्कॉटलंडमधून नष्ट झाला, १८३७ मध्ये स्वीडनमधून आणून पुन्हा सोडला, आणि आता परत कड्याच्या टोकावर आहे. २०२१-२२ च्या हिवाळ्यातल्या गणनेत सुमारे ५३० उरले होते. हिवाळ्यात तो पाइनच्या सुया खाऊन जगतो. त्यातून ताकद फार मिळत नाही, म्हणून एकदा घाबरून उडाला तरी त्याची साठवलेली ऊब जाते. वाट सोडू नका, कुत्र्याची दोरी आखूड ठेवा, त्याच्या मागावर फोटोसाठी आत शिरू नका. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक सगळ्या जमिनीवरून पायी फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे, आणि त्याच कायद्याने तो जबाबदारीने वापरायला बांधलेलं आहे.

वाटेच्या कडेला कमरेएवढे सुयांचे ढीग दिसतील. ती लाल मुंग्यांची वारुळं. मुंग्या खाली खोल जमिनीत एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात. ढिगात काठी खुपसू नका, वरचं ते छप्पर त्यांची ऊब धरून असतं.

याच काठावर उजवीकडे लेरिग ग्रू खिंडीकडे वाट फुटते. पाटी आहे, तरी हिमाने झाकलेली असू शकते. हिवाळ्यात तो रस्ता अनुभवी गिर्यारोहकांचा आहे. पाणी डाव्या हाताला दिसत राहिलं पाहिजे, एवढी एकच खूण धरा. वीसेक मिनिटांत तळ्याच्या तोंडावरचा पूल येतो आणि तुम्ही निघालात तिथेच पोचता.

परतताना

गाडीत बसण्याआधी ओले मोजे बदला, थर्मासमधला उरलेला चहा संपवा. उजेड असेल तर बी ९७० ने कॉयलमब्रिजवरून लोख पिट्युलिशपर्यंत जाऊन या, दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. तळं रस्त्यावरूनच दिसतं. काळं, गप्प, काठावर बोरू आणि भूर्जाची झाडं. आमच्या गाडीतली मुलं तिथे नेहमी काच खाली करून घोडा शोधतात.

चारनंतर मात्र गाडी हळू चालवा. हरणं खाली गवताला उतरतात, आणि एक ओलांडून गेलं की मागे दुसरं असतंच. पहिलं गेल्यावर लगेच वेग वाढवू नका, दिवे खाली करून थांबा, दुसरं जाऊ द्या.